फोटो स्टेजवरचा नको, मातीतला पाहिजे

आमच्याकडं कुस्तीचं मैदान झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. आखाडापूजन, नारळ फोडताना, फेटे बांधताना, पहिल्या नंबरची जोड लावताना दोन्ही पैलवानांचे हात धरून उभे असलेले पाहुणे, आणि शेवटी गदा खांद्यावर घेतलेला पैलवान आणि त्याच्या दोन्ही बाजूला माणसंच माणसं. कुस्तीचा फोटो त्यात नसतोय. अर्धा तास खडाखडी झाली, म्हणजे उभ्यानं झोंबाझोंबी, एकदा सुटला, एकदा काठावर गेला, मग घिस्सा डाव बसला आणि सगळं मैदान उठून उभं राह्यलं, ते कुठंच नाही. असला तर कुणाच्या तरी मोबाईलवर लांबून काढलेला, पंचाची पाठ आणि धुरळा. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ते पोरगं त्या एका पकडीसाठी वर्षभर पहाटे चारला उठून जोर मारत असतंय.

मी बेळगावच्या शहापुरात फोटोचा धंदा करतो. पोट लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो यावर चालतंय, पण जीव मैदानात. आनंदवाडीचा आखाडा म्हणा, येळ्ळूरला चांगळेश्वरी यात्रेचं मैदान म्हणा, कॅम्पातल्या सेंट पॉल्सच्या ग्राउंडवरच्या फुटबॉलच्या मॅची म्हणा, लग्नाची तारीख नसली की मी तिथं. आणि बरीच पोरं आता विचारतात की भाऊ, स्पोर्ट्स फोटोग्राफी म्हणजे नेमकं काय असतंय, कॅमेरा कुठला घ्यायचा. कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी तीन-चार फोटोंबद्दल सांगतो, ते कळले की काम काय आहे ते कळतं.

पहिला सगळ्यांनी बघितलेला. बॉक्सर मोहम्मद अली, खाली पडलेला समोरचा बॉक्सर सॉनी लिस्टन, अलीचा उजवा हात छातीशी आडवा दुमडलेला आणि तो वरून ओरडतोय. २५ मे १९६५, अमेरिकेत मेन राज्यातलं लुइस्टन नावाचं गाव. फोटो नील लायफरचा, वय तेव्हा बावीस. जिमच्या भिंतीवर, सलूनमध्ये, पोरांच्या टीशर्टावर, सगळीकडं हा फोटो असतोय, आपल्या बेळगावातसुद्धा. आता यात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे यात ठोसा नाहीच. ठोसा आधीच बसून गेलाय, आणि तो इतका झटकन बसला की समोर बसलेल्या कित्येकांना दिसलाच नाही, पहिल्याच राउंडमध्ये खेळ खलास, लोक ओरडायला लागले की फिक्सिंग आहे म्हणून. आजपण त्यावर वाद घालतात. पण फोटोवर वाद नाही. लायफरनं ठोसा झाल्यावर शटरवरनं बोट उचललं नाही, पुढं काय होतंय ते बघत थांबला, आणि अली जो होता तो त्या पुढच्या क्षणात सापडला.

दुसरी गोष्ट, अलीच्या दोन पायांच्या मधून पलीकडच्या बाजूला एक माणूस दिसतोय. तो हर्ब शार्फमन, तोपण फोटोग्राफरच, लायफरपेक्षा वयानं आणि अनुभवानं कितीतरी मोठा. त्याच्या हातातपण कॅमेरा होता, पण त्याला अलीची पाठ मिळाली. चुकलं काही नाही त्याचं, त्या रात्री लिस्टन त्या बाजूला पडला नाही एवढंच. हा धंदा असा आहे. आणि म्हणूनच पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९६६ मध्ये, ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये अली आणि क्लीव्हलँड विल्यम्सच्या लढतीच्या वेळी लायफरनं रिंगच्या बरोबर वर, छताकडं कॅमेरा लावून ठेवला आणि खालून रिमोटनं चालवला. विल्यम्स पाठीवर पसरलेला, अली हात वर करून कोपऱ्याकडं चाललाय, पांढऱ्याधोट कॅनव्हासवर दोनच माणसं. लायफरला स्वतःच्या सगळ्या कामात हाच जास्त आवडतो. मलापण. कारण यात नशिबावर सोडलेलं फार थोडं आहे, कोण कुठल्या बाजूला पडतंय याचा प्रश्नच त्यानं मिटवून टाकला.

आता क्रिकेट. १४ डिसेंबर १९६०, ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज, कसोटीच्या इतिहासातली पहिली टाय मॅच. शेवटच्या ओव्हरमधला सातवा चेंडू, तेव्हा तिकडं आठ चेंडूंची ओव्हर असायची, वेस्ट इंडिजच्या जो सॉलोमनला बाजूनं जेमतेम एकच स्टंप दिसत होता आणि त्यानं तो उडवला, ऑस्ट्रेलियाचा इयान मेकिफ रनआउट. तो फोटो रॉन लोविटनं काढला. वेस्ट इंडिजचे सगळे खेळाडू वेगवेगळ्या तऱ्हेनं हवेत, कुणाचे हात वर, कुणी उडी मारलेली, असं वाटतं एखाद्यानं मुद्दाम उभं केलंय एकेकाला. त्या काळात एकदा शटर दाबलं की लगेच दुसरा फोटो नाही मिळायचा, आत्तासारखं दाबून धरलं आणि सेकंदाला तीस फोटो पडले असं नव्हतं. म्हणजे पाच दिवस मॅच बघायची, आणि त्यातला तो नेमका अर्धा सेकंद ओळखायचा. मॅच न कळणाऱ्या माणसाला हे जमणार नाही, कॅमेरा कितीही भारी द्या.

पॅट्रिक ईगर हे नाव आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे, पण त्यांचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. इंग्लंडचा माणूस, वडील हॅम्पशायरचे कॅप्टन, म्हणजे क्रिकेट घरातच. पण १९७२ पर्यंत इंग्लंडमध्ये कसोटीच्या मैदानात फोटो काढायचा हक्क ठरावीक एजन्सींकडंच होता, बाकी कुणाला आत कॅमेरा घेऊन बसता येत नव्हतं. ती मक्तेदारी सुटली आणि ईगर आत आले, आणि पुढं तीनशेच्या वर कसोटी सामने कव्हर केले. त्यांनी क्रिकेटचा फोटो बदलला असं मी म्हणतो ते उगीच नाही. आधी बॅट्समनचा फटका झाला की संपलं. ईगर फटक्याच्या आधीचा आणि नंतरचा माणूस बघायचे, स्लिपमधले चेहरे, बॉलर परत चालत जाताना, ड्रेसिंग रूमची बाल्कनी. रिमोटवरचे जास्तीचे कॅमेरे लावायचे, म्हणजे स्वतः एका बाजूला आणि कॅमेरा दुसऱ्या. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर आपण वेस्ट इंडिजला ४३ रननी हरवलं तेव्हा ते तिथं होतेच.

त्याच वर्ल्ड कपमधलं दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध आपले १७ वर ५ आणि कपिल देव नाबाद १७५. त्या मॅचचं टीव्हीवर प्रक्षेपण नव्हतं, शूटिंग नाही. जगातल्या कुणालाही ती इनिंग आज परत बघता येत नाही. आहेत ते मैदानावर बसलेल्या फोटोग्राफरांनी काढलेले मोजके फोटो. माझ्या पिढीनं आणि माझ्या नंतरच्या पिढीनं त्या इनिंगचं जे काही डोळ्यांनी बघितलंय ते त्या फोटोंमधूनच. स्कोअरकार्ड आकडा सांगतंय, पण कपिल कसा उभा होता, बॅट किती वर गेली होती, मागं झाडं होती, हे फोटो सांगतोय. तिथं त्या दिवशी कॅमेरा घेऊन कुणी गेलंच नसतं तर?

हा प्रश्न मला बेळगावात बसून फार टोचतो.

आपल्याच गावाचे बंडू पाटील, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं सुवर्ण जिंकणाऱ्या टीममध्ये होते, फायनलला पाकिस्तानला १-० हरवलं. ऑलिम्पिक गोल्ड मेडल, बेळगावचा माणूस. आता तुमच्या शाळेत जाणाऱ्या पोराला विचारा की त्यांचा खेळतानाचा फोटो बघितलास काय. खाशाबा जाधव तर सगळ्यांना माहीत, १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या नावानं भाषणं होतात, पुतळे आहेत, पण हेलसिंकीत ते मॅटवर कसे लढले याचा फोटो आपल्या कुठल्या तालमीच्या भिंतीवर आहे? मी तरी कुठं बघितला नाही. म्हणून पोरं खाशाबांचं नाव घेतात आणि स्टाइल मात्र रीलमधल्या कुठल्यातरी परदेशी बॉडीबिल्डरची मारतात. पोरांना दोष नाही देत मी. डोळ्यासमोर जे आहे तेच पोरगं उचलणार.

आणि जुन्या काळाचं कशाला, २०१८ चं घ्या. तुरमुरीची मलप्रभा जाधव, जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये कुराशमध्ये ५२ किलोत कांस्यपदक. वेंगुर्ला रोडवरचं आपलं गाव. पदक आल्यावर सत्काराचे फोटो सगळीकडं फिरले, शाल, हार, बुके. पण समोरच्या मुलीला उचलून टाकतानाचा फोटो तुमच्यापैकी कितीजणांच्या मोबाईलमध्ये आला? कुराश म्हणजे काय खेळ आहे हे एका फोटोत कळलं असतं, उभ्यानं धरायचं आणि फेकायचं, जमिनीवर गेलं की पंच थांबवतोय, परत उभं राहायचं. सत्काराचा फोटो बघून पोरीला वाटतं की मोठं झाल्यावर शाल मिळते. फेकतानाचा फोटो बघून वाटतं की मलापण असं फेकायचंय. फरक आहे की नाही?

साक्षी मलिकचं बघा ना, २०१६ रिओ. कांस्य जिंकल्यावर कोचच्या खांद्यावर बसून तिरंगा धरलेला तो फोटो. आमच्या इकडच्या एका तालमीत पोरींची बॅच सुरू झाली तेव्हा वस्तादांनी पेपरातला तो फोटो कापून आरशाच्या बाजूला चिकटवला होता, कडा पिवळ्या पडल्यात आता, एक कोपरा घामाच्या हातानं काळा झालाय कारण आत येणारी प्रत्येक पोरगी हनुमानाच्या पाया पडली की त्या फोटोला हात लावून पुढं जाते. हे कुणी शिकवलेलं नाही. तो फोटो काढणाऱ्याला बेळगाव कुठं आहे ते माहीतपण नसेल, पण त्याचं काम इथं रोज सकाळी साडेपाचला चालू असतंय.

बरं, आता मातीतल्या कामाचं, कारण पोरांनी विचारलं होतं ते हे.

मैदानात बसायचं कुठं, हा पहिला प्रश्न आणि अर्धं उत्तर. स्टेजकडं पाठ करून बसायचं. नाहीतर प्रत्येक फोटोत मागं मंडपाचा कापड, बॅनर आणि खुर्च्या. स्टेजकडं पाठ केली की समोर माणसांची चढती रांग येते, डोक्यावर टोप्या, भिंतीवर बसलेली पोरं, झाडावर चढलेली, आणि पैलवान त्याच्या पुढं. खाली बसायचं, अगदी मातीला टेकून, गुडघे लाल झाले तरी चालतंय. उभ्यानं काढलं की पैलवान बुटके दिसतात आणि मागं नुसती माती. खालून काढलं की ढाक डावावर उचलून फेकलेला माणूस आकाशात दिसतोय.

पंच आडवा येणार हे धरून चालायचं. पंच चांगला असला की तो सारखा फिरतोय, म्हणून त्याच्याबरोबर आपणपण सरकायचं, पण काठाच्या आत पाय नाही टाकायचा. आणि फ्लॅश अजिबात नाही. डाव टाकताना पैलवानाच्या डोळ्यावर उजेड मारणं हा गुन्हा आहे असं मी समजतो, मग फोटो काळा आला तर आला.

मग डाव वाचणं. घिस्सा घ्या. खालचा पैलवान पालथा, हातपाय पसरून मातीला चिकटून बसलाय, वरचा त्याच्या अंगावर. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही, मागनं ओरडायला लागतात, "अरे काय झोपलाईस काय, पलटी मार की". पण वरच्याचा हात लांगेकडं, म्हणजे लंगोटाच्या मागच्या पट्टीकडं, सरकतोय. बोटं आत गेली, पकड धरली, मग मनगट फिरलं, आणि त्याच वेळी त्याचा गुडघा खालच्याच्या मानेजवळ येऊन बसला की समजायचं, आता. हलगीवालापण हे वाचत असतोय, तो माझ्या आधी ओळखतो, त्याचा ठेका बदलला की मी शटरवर बोट घट्ट करतो. खेच बसल्यापासून पाठ टेकेपर्यंत डोळ्याची पापणी लवते तेवढाच वेळ मिळतोय. दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झाला, दिसायच्या आधी दाबायचं.

आणि पाठ टेकली की कॅमेरा खाली घ्यायचा नाही. हे मी लायफरच्या फोटोवरनं शिकलो. पाठ टेकल्यावरचे दहा सेकंद सगळ्यात मोठे असतात. जिंकलेला उठून धावत सुटतो, त्याच्या गावची पोरं आत घुसतात, त्याला खांद्यावर घेतात, आणि सगळे कॅमेरे तिकडं पळतात. मी खाली पडलेल्याकडं बघतो. तो अजून वर आकाशाकडं बघत असतोय, पाठीला सगळी माती, आणि मग त्याचे वस्ताद येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, टॉवेलनं पाठ झाडतात, काही बोलत नाहीत. मला विचाराल तर कुस्ती काय आहे ते इथं दिसतं. एका पैलवानाच्या आईनं माझ्याकडनं असा फोटो मोठा करून घेतला, पोरगा हरलेला होता त्यात. मी विचारलं मावशी, जिंकलेला आहे की दुसरा, तो देतो. म्हणाल्या, "नको, ह्यात त्याचं वस्ताद त्याला कसं धरल्यात बघ."

लागलेलं असलं तर मात्र वेगळं. खांदा निखळला, मान आखडली, पोरगं कळवळतंय, तेव्हा मी फोटो काढतो, खोटं नाही सांगत, कारण तेपण खेळातलंच आहे, पण ते कुठल्याही ग्रुपवर टाकत नाही. घरच्यांना आधी फोन जायला पाहिजे, फोटो नाही. आजकाल अँब्युलन्सच्या आधी व्हिडिओ पोचतो, हे बंद झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याचं विचारलं होतं. मोठ्या मॅचला टीव्हीवर बाउंड्रीच्या बाहेर पांढऱ्या मोठ्या नळकांड्या लेन्सा दिसतात ना, ४०० एमएम २.८ (पहिला आकडा लांबचं किती जवळ आणते त्याचा, २.८ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं ते), त्या एकेकीची किंमत इथं दहा लाखाच्या पुढं जाते, एका लेन्सची, कॅमेरा वेगळा. आपल्याला कुस्तीला ती लागत नाही, आपण मातीच्या काठावर असतो. ७०-२००, २.८, सेकंडहँड चांगली मिळते. संध्याकाळनंतरच्या कुस्त्यांना उजेडाचा प्रश्न, हल्ली सगळीकडं एलईडी फ्लड आहेत आणि त्यातले स्वस्तातले लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण एका फोटोत चेहरा पिवळा, पुढच्यात अर्धा काळा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असलं तर चालू करा. शटर सेकंदाच्या एक हजारांशापेक्षा हळू शक्यतो नको, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग, ६४०० जाऊ दे, दाणे दिसले तर दिसले, हललेल्या फोटोला काही इलाज नाही. फुटबॉलला मात्र लेन्स लांब पाहिजे, आणि गोलपोस्टच्या मागं बसायचं, म्हणजे बॉल आणि चेहरा दोन्ही तुमच्याकडं येतात. लाल माती सेन्सरवर बसते तेवढं सांभाळा, मैदानात लेन्स बदलू नका.

पैसे? मैदानाचे फोटो काढून घर चालत नाही, हे मी पोरांना आधीच सांगतो. मोठ्या शहरात एजन्सी आहेत, पेपर आहेत, लीगचे करार आहेत. आपण सीमेवर. आमचा पैलवान कोल्हापूरला सरावाला, नाव मराठी, राज्य कर्नाटक, खेळतो कर्नाटककडनं. हल्याळ, धारवाड, दावणगेरे, सांगली, कोल्हापूर, सगळीकडचे पैलवान येळ्ळूरला येऊन लढतात आणि हलगी दोन्हीकडच्यांना सारखीच वाजते, पण मुंबईच्या पानाला तो बाहेरचा आणि बेंगळुरूच्या पानाला तो लांबचा. म्हणून त्याचा फोटो काढायला मुंबईहून कोण येणार नाही आणि बेंगळुरूहूनपण नाही. आपल्या इथल्या पेपरांनी कुस्तीला पान दिलंय, मैदानाच्या बातम्या नियमानं येतात, जोडी, निकाल, डावाचं नाव सगळं असतंय, हे मान्य करायला पाहिजे. फोटो आपण द्यायचा.

तर या हंगामात जे कोणी कॅमेरा किंवा चांगला मोबाईल घेऊन मैदानात जाणार त्यांना माझं एवढं सांगणं आहे. फोटो टाकताना खाली नुसता आगीचा आणि दंडाचा इमोजी टाकू नका. नाव लिहा, दोघांचंही, जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचं. गाव लिहा, तालीम लिहा, वस्तादांचं नाव लिहा, डाव कुठला ते लिहा, तारीख आणि मैदान लिहा. एजन्सीचे फोटोग्राफर हे प्रत्येक फोटोला करतात, फाइलच्या आतच भरून ठेवतात, म्हणून साठ वर्षांनंतरपण लुइस्टनच्या रात्री पायांच्या मधनं दिसणारा माणूस कोण ते आपल्याला सांगता येतं. आमच्या तालमीत जुन्या पेटीत खूप फोटो आहेत, मजबूत पैलवान, लंगोट, मिशा, मागं मातीचा हौद, आणि पाठीमागं काहीच लिहिलेलं नाही. म्हातारे वस्ताद होते तोवर सांगायचे हा अमका, हा तमका. आता विचारायला कुणी नाही.

आणि यात्रा कमिट्यांना एक विनंती. आखाड्याच्या एका बाजूला, स्टेजच्या समोरच्या नाही, स्टेजच्या बाजूच्या, चार हात जागा दोरी बांधून फोटोवाल्यांसाठी सोडा. पास द्या, चार-पाचजणांनाच द्या, बाकीच्यांना काठावरनं उठवा, म्हणजे पब्लिकलापण दिसेल. बदल्यात आम्ही सगळ्या नंबरांच्या कुस्त्यांचे फोटो नावगावासकट कमिटीला देऊ, फुकट, पहिल्या नंबरच्याच नाही, दुपारी तीनला उन्हात लढणाऱ्या बारक्या पोरांचेसुद्धा. मी माझ्याकडनं तयार आहे, अजून दोघं-तिघं तयार आहेत. ज्या कमिटीला पाहिजे त्यांनी मैदानाच्या आठवडाभर आधी कळवा, जोडींची यादी तेवढी आधी द्या, नावं बरोबर लिहायला बरं पडतं.